गुरुजींच्या उठाबशा

आमचा इंग्रजीच्या पदविकेचा वर्ग संपला, तेव्हा वर्गातल्या एकीला कोरियात नोकरी लागली. तिकडच्या शाळांतल्या शिक्षकांना इंग्रजी कसं शिकवायचं ते शिकवायची. काम मलाही तेच मिळालं, फक्त जागा वेल्हे. ती विमानानं गेली, मी स्वारगेटहून एसटीनं. आईनं मनातल्या मनात दोघींची तुलना केली, एक उसासा टाकला आणि माझ्या पिशवीत मेतकुटाचा डबा कोंबला. नसरापूरला गाडीत चार कोंबड्या आणि एक बोकड चढला. बोकडाला माझ्या शेजारी जागा मिळाली. आपणही परदेशी निघालो आहोत असं मला तेव्हा पहिल्यांदा वाटलं.

सत्तरचं दशक नुकतंच सुरू झालं होतं. पाचवीपासून इंग्रजी, असा हुकूम सरकारनं काढला होता. हुकूम काढायला काय जातं? त्या डोंगरातल्या निम्म्या गुरुजींनी इंग्रजी शेवटचं पाहिलं होतं ते औषधाच्या बाटलीवर. म्हणून उन्हाळ्याच्या सुट्टीत त्यांना वेल्ह्याच्या शाळेत गोळा केलं आणि माझ्या हवाली केलं. मी सव्वीस वर्षांची, दोन वेण्या नुकत्याच सोडून अंबाड्यावर आलेली. ते सगळे माझ्या काकांच्या वयाचे. पहिल्या दिवशी मी वर्गात शिरले तेव्हा एका गुरुजींनी अदबीनं विचारलं, “साहेब मागून येतायत का?”

साहेब कुठले! साहेब भोरला कचेरीत पंख्याखाली बसून उंटावरून शेळ्या हाकत होते. त्यांनी एकच नियम पाठवला होता. शिबिराला शेवटपर्यंत जो हजर राहील त्याला दाखला, आणि दाखलेवाला गुरुजी ज्या शाळेत असेल तिथंच पाचवीचा वर्ग. मधेच जो घरी जाईल, त्याच्या गावाला पाचवी नाही.

माझ्याकडे पद्धत होती. तरुणपणी माणसाकडे दुसरं काही नसलं तरी पद्धत असते. माझी पद्धत अशी, की वर्गात मराठीचा एक शब्द काढायचा नाही, आणि तोंडानं जे बोलायचं ते हातापायांनी करून दाखवायचं. गुरुजींना शिकवायचं तर आधी त्यांनी स्वतः विद्यार्थी व्हायचं. मी ‘स्टँड अप’ म्हणायचं, त्यांनी उभं राहायचं. मी ‘सिट डाउन’ म्हणायचं, त्यांनी बसायचं. पुस्तक विलायतेहून आलेलं. त्यात शेकोटीपुढं बसलेलं मांजर होतं आणि बर्फाचा माणूस होता. छत्री दाखवा म्हटलं तर सगळ्या शिबिरात छत्री एक, तीही शिपायाची, आणि तो देईना. शेवटी कोपऱ्यातलं इरलं उचलून आम्ही ‘धिस इज अॅन अंब्रेला’ म्हणून मोकळे झालो. इरल्यानं तक्रार केली नाही.

बाकीचे गुरुजी दुपारी जेवण झाल्यावर बसल्या जागी पेंगायचे आणि ‘स्टँड अप’ ऐकल्यावर शेजाऱ्याच्या आधारानं उठायचे. एक गुरुजी मात्र कधी पेंगले नाहीत. ते गुंजवण्याच्या बाजूच्या एका वाडीतले. पन्नाशी गाठलेली, धोतर, टोपी आणि मे महिन्यातही बंद गळ्याचा कोट. वीस-एक वर्षं ते त्याच एकशिक्षकी शाळेत होते. गावाची पत्रं तेच वाचत, तापाच्या गोळ्या तेच देत, भावाभावांतली बांधाची भांडणं तेच मिटवत. मी ‘स्टँड अप’ म्हटलं की ते आधी कोटाचं वरचं बटण लावत, मगच उभे राहत. ‘ओपन द विंडो’ म्हटलं की सरळ खिडकीपाशी जात. त्या खिडकीला दारं नव्हतीच, नुसते गज. तरी ते दोन्ही हातांनी हवा उघडून, शांतपणे जागेवर येऊन बसत. कुणी हसलं तर त्याच्याकडे बघतही नसत.

पहिल्याच आठवड्यात, वर्ग सुटल्यावर ते मला म्हणाले होते, “बाई, आमच्याकडं शाळा चौथीपर्यंत. पुढं पोरं चालत जात्यात दुसऱ्या गावाला. पोरींना कोन धाडतंय? चौथी झाली की पोरगी शेणामागं. येवढी पाचवी पदरात पडली तर बरं व्हईल.” पुन्हा कधी त्यांनी तो विषय काढला नाही. माझ्या डोक्यातून मात्र तो जाईना. इतर जण दाखल्यासाठी आले होते, हा माणूस पोरींसाठी उठत-बसत होता.

बाजाराच्या दिवशी घोटाळा झाला. वेल्ह्याच्या बाजाराला आलेली माणसं शाळेच्या खिडकीशी येऊन गजांतून आत बघायची. फुकटचा तमाशा कोण सोडेल? त्या दिवशी त्यांत गुरुजींच्या वाडीतला कुणीतरी होता. त्यानं पाहिलं ते इतकंच, की पुण्याची एक पोरगी हातात पट्टी घेऊन काहीतरी ओरडते आणि आपले गुरुजी उठतात नि बसतात, उठतात नि बसतात. पट्टी फळ्यावरची चित्रं दाखवायला होती, हे त्याला कोण सांगणार? तो घरी पोचेपर्यंत गुरुजींनी कान धरले होते. रात्री पारावर गोष्ट गेली तेव्हा त्यांना पट्टीही बसली होती.

एक-दोन दिवसांनी सकाळी वर्ग नुकता सुरू झाला होता, आणि दारात माणसं येऊन उभी राहिली. वाडीहून चालत आलेली. पुढं पोलीस पाटील, मागं चार-पाच म्हातारे, घामानं निथळलेले. सगळ्यांत मागं, पायरीच्या खालीच, एक बाई होती. गावातल्या बौद्ध वस्तीतली. तिला कुणी बोलावलं नव्हतं. ती आपणहून मागं मागं आली होती, हे मला नंतर कळलं.

पाटील हात जोडून मला म्हणाले, “बाई, आमच्या गुरुजींची काय चूक झाली आसंल ती आमच्या पदरात घाला. पन त्येंला सोडा.”

“चूक? कसली चूक?”

“मग उठाबशा कशापायी?”

मी हसले. हसायला नको होतं. मग मी त्यांना पद्धत समजावून सांगितली. डोळ्यांनी पाहिलेलं आणि अंगानं केलेलं माणूस विसरत नाही, लहान मूल भाषा अशीच शिकतं, वगैरे. पदविकेच्या परीक्षेत या उत्तराला मला चांगले गुण पडले होते. पाटलांनी सगळं शांतपणे ऐकून घेतलं आणि मागं वळून म्हाताऱ्यांना म्हणाले, “चूक कायबी न्हाई म्हनं, आन् शिक्षा हाय. ह्ये तर लईच वंगाळ.”

एक म्हातारा काठी टेकत पुढं आला. “आमच्या गावात गुरुजी उभं आसलं तर पंच बसत न्हाईत, बाई. आन् हितं तुमी नातीएवढ्या, आन् तुमी त्येंला उठ म्हनता, बस म्हनता. भीक नको पन कुत्रं आवर. चला गुरुजी, घरला चला. आमाला इंग्रजी नको.”

भीक म्हणजे इंग्रजी आणि कुत्रं म्हणजे मी, हे लक्षात यायला मला जरा वेळ लागला. पण राग यायचा तो आला नाही, भीतीच वाटली. ही माणसं प्रेमानं आली होती आणि प्रेमानंच पाचवी बुडवून जाणार होती. गुरुजी आज घरी गेले की भोरचे साहेब त्यांचं नाव खोडून मोकळे. पाटलांना हा नियम सांगावा, तर गाव म्हणणार, पोरीबाळींच्या पाचवीसाठी आमच्या गुरुजींची अब्रू?

गुरुजी मान खाली घालून बसले होते. मग त्यांनी कोटाचं वरचं बटण लावलं.

“बाई,” ते म्हणाले, “सुरू करा.”

“राहू द्या गुरुजी. उद्या बघू.”

“न्हाई. ही मंडळी हायत तवरच. सुरू करा.”

मी ‘स्टँड अप’ म्हटलं. गुरुजी उभे राहिले. ‘सिट डाउन’ म्हटलं. बसले. पुन्हा उठवलं, पुन्हा बसवलं. ‘गो टु द विंडो’ म्हटलं. ज्यांची भांडणं त्यांनी मिटवली होती, ज्यांच्या नातवंडांना तापात गोळ्या दिल्या होत्या, त्यांच्या नाकासमोरून ते खिडकीपाशी गेले, दोन्ही हातांनी नसलेली दारं उघडली आणि परत जागेवर येऊन बसले. म्हाताऱ्यांनी माना खाली घातल्या. पाटील आपल्या पायताणांकडे बघत राहिले. मलाही वर बघवेना. मी कसंबसं पुन्हा ‘स्टँड अप’ म्हटलं आणि ते पुन्हा उभे राहिले.

पायरीखालची ती बाई मात्र एकटक गुरुजींकडे बघत होती. ती दोन पायऱ्या वर आली.

“गुरुजी,” तिनं विचारलं, “माझी ल्येक घरी बसलीया. पाचवी कदी सुरू हुनार?”

वर्ग चालू होता, आणि चालू वर्गात मराठीचा एक शब्द काढायचा नाही हा माझाच नियम. गुरुजींनी नुसतं माझ्याकडे पाहिलं.

“जूनला,” मी म्हणाले.

असं सांगायचा मला काडीचाही अधिकार नव्हता. पुढं मी भोरच्या साहेबांना इतकं भंडावलं की ‘ही पुण्याची ब्याद जाऊ दे’ म्हणून त्यांनी सही केली, आणि जूनला पाचवी उघडली. पण ते पुढचं. त्या सकाळी ती बाई मान हलवून पायऱ्या उतरली, तिच्या मागोमाग पाटील आणि म्हातारे गुरुजींना न घेताच परत फिरले, आणि ते रस्त्याला लागेपर्यंत मी दारातच उभी राहून बघत होते.

मागं वळले तर गुरुजी तसेच उभे होते. मी त्यांना बसायला सांगितलंच नव्हतं.