तांडेलचा टँगो

अर्धांगवायूने उजवा पाय गेल्यावर आमचे तांडेल टँगो शिकले. थाप वाटते ना? पण मी त्याच खोलीत राहत होतो, तेव्हा माझ्याशी वाद घालू नका!

नव्वदच्या दशकात दुबईतल्या करामा भागात आम्ही चौघे एकत्र राहायचो. दापोलीकडचे हे गृहस्थ सगळ्यांत थोरले, म्हणून तांडेल, म्हणजे होडीवरचा म्होरक्या. आधी जहाजावर खलाशी, मग जबल अलीच्या गोदामात सुपरवायझर. आजारपणानंतर कंपनीने घरी जायचं तिकीट दिलं आणि दोन्ही विमानतळांवर चाकाची खुर्चीही सांगून ठेवली. तांडेल भडकले. "आई मुंबईच्या विमानतळावर मला न्यायला येणार आहे. तिला मी काही कळवलेलं नाही. तिच्यासमोर ढकलत नेणार मला? चालत जाईन. खलास!" हातात सहा आठवडे होते.

डॉक्टरांनी ठेक्यावर चालायला सांगितलं म्हणून मी हौसेने हिंदी गाण्यांची कॅसेट लावली. तिसऱ्या पावलाला तांडेल पलंगावर आदळले. "मेल्या, याच्यात दम खायला जागाच नाही!"

मग त्यांनी पलंगाखालची पेटी ओढायला लावली. तिच्यात अर्जेंटिनाच्या बंदरात घेतलेली जुनी, जाड तबकडी होती, नुसत्या वाद्यांवरच्या टँगोची. जुन्या सामानाच्या दुकानातून मी रेकॉर्ड प्लेअर आणला. भात्याचं एक वाद्य चार ठोके ठाम द्यायचं आणि एकदम थांबायचं. तेवढ्यात तांडेलचा उजवा पाय फरफटत येऊन डाव्याला मिळायचा. "बघ, ही माझ्यासाठी थांबते," ते म्हणायचे.

रोज सकाळी ड्यूटीआधी पलंगापासून न्हाणीपर्यंत हेच. आमच्यातला केरळचा कुट्टी कळवळून म्हणायचा, "चाचा, बस करो. इन्शाल्ला ठीक हो जाएगा." तांडेल म्हणायचे, "इन्शाल्ला पाऊल टाकता टाकता म्हणायचं असतं."

चौथ्या आठवड्यात माझ्या कोपराचा धक्का लागून तबकडी फुटली. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं, चक्क रडू आलं. तांडेलनी माझ्यापुढे झाडू सरकवला. म्हणाले, "रडतोस काय? केर भर आणि तोंडाने म्हण. एव्हाना पाठ झालंच असेल."

माझा आवाज म्हणजे आनंदच! पण रोज म्हणत होतो. "थांबायचं तिथे थांब, बाकी कसाही वाज," एवढीच त्यांची अट.

निघायच्या दिवशी विमानतळाच्या दाराशी खुर्ची हजर होती. तांडेलनी तिच्यात आपली बॅग ठेवली आणि ढकलणाऱ्याला म्हणाले, "यल्ला, चलो!" मी शेजारून तोंडाने वाजवत चाललो होतो. लोक बघत होते, बघू देत. पासपोर्टच्या रांगेपाशी मला अडवलं. पुढे ते एकटेच गेले, चार पावलं आणि थांबा, चार पावलं आणि थांबा.

चार दिवसांनी फोन आला. "आईने पायाचं ओळखलं रे, पहिल्या पावलालाच." मी हिरमुसलो. सगळी मेहनत फुकट! तेवढ्यात तांडेल पुढे म्हणाले, "माझे भाऊ मला धरायला धावले, तर तिने आपली काठी आडवी घातली. म्हणाली, कुणी हात लावू नका त्याला, येतोय तो."