नळ आले आणि अंडी पांढरी पडली

घरी मासे पाळणाऱ्यांनो, एक विचारायचं आहे.

माझ्या कॅटफिशच्या जोडीनं पहिल्यांदाच अंडी दिली होती. या जातीत अंडी नर सांभाळतो. मातीच्या नळीत बसून तो पंखांनी त्यांच्यावर सारखं पाणी खेळवत राहतो. काल मी टाकीतलं निम्मं पाणी काढलं. नव्या पाण्यातलं क्लोरीन उडून जावं म्हणून ते बादलीत ठेवलं आणि आज कामावर गेले.

दुपारी नळ आले. आमच्या संभाजीनगरात नळ आले की घरातलं एकही भांडं रिकामं राहत नाही. संध्याकाळी आई खुशीत म्हणाली, "तुझी माशांची टाकी पण अर्धीच होती. नळ जायच्या आत पाइप लावून काठोकाठ भरली बघ."

मी लगेच क्लोरीनवरचं औषध टाकलं. मोठे मासे वाचले. केशरी अंडी मात्र पांढरी पडली होती.

"पिल्लं कधी निघणार गं?" आई विचारतेय. मी तिला अजून काही सांगितलेलं नाही.

नर अजूनही पाणी खेळवतोय. मेलेली अंडी काढली नाहीत तर त्यांना बुरशी धरते, हे मला माहीत आहे. त्याच्यासमोरून ती काढायची कशी, तेवढं सांगा.