पाहुण्यासाठी रंगवलेली भिंत

आमच्या शेजारचे रंगारीकाका हाताने सोनं होते आणि डोक्याने गाढव. हे मी त्यांच्या तोंडावरही म्हटलंय, म्हणून लिहायला हरकत नाही.

आमच्या खोल्या तळमजल्यावर, एकाला एक लागून. मागची भिंत सार्वजनिक न्हाणीघराची, त्यामुळे बारा महिने ओल. खिडकी नाही. काकूंना दमा होता. त्या रात्र रात्र भिंतीपासून लांब, उशांना टेकून बसूनच झोपायच्या. डॉक्टरांनी सांगितलं होतं, औषध राहू दे, आधी हवेशीर घर बघा. म्हणून काकांनी सरकारी घरासाठी अर्ज केला. सरकारी काम आणि सहा महिने थांब म्हणतात. हे नऊ वर्षं थांबले. नंबर सरकत सरकत एकतिसावर आला आणि पत्र आलं: तपासनीस घराची पाहणी करायला येतील.

आता ज्याचं घर जितकं वाईट तितके त्याला गुण जास्त, हे शेंबड्या पोरालाही कळावं. पण काकांच्या डोक्यात एकच बसलं, घरी साहेब येणार! आयुष्यभर लोकांच्या भिंती चकाचक करणाऱ्या माणसाच्या घरात बुरशी दिसायची? दोन दिवसांची मजुरी बुडवून त्यांनी भिंत खरवडली, पुट्टी भरली, पांढऱ्या रंगाचे दोन हात दिले. मी म्हटलं, "काका, कशाला?" तर म्हणाले, "अगं, माणूस काय म्हणेल?"

साहेब आले. भिंतीवरून बोट फिरवलं, बोट पाहिलं. "छान ठेवलंय हो घर!" काका फुलले. रंगाच्या वासाने काकूंचा जीव कासावीस झाला होता, पण पाहुण्यासमोर खोकायचं कसं? साहेब जाईपर्यंत त्यांनी तोंड दाबून धरलं, आणि मग दारात बसून अर्धा तास खोकल्या. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच.

साहेबांनी लिहिलं: खोली कोरडी, राहण्यास योग्य. नंबर गेला आठशेच्या पुढे. सहा आठवड्यांत ओल पुट्टी फोडून बाहेर आली. काका रंगाचा पोपडा कागदात गुंडाळून कार्यालयात घेऊन गेले.

"भिंत ओली आहे साहेब, बघा."

"कागदावर कोरडी आहे," कारकून म्हणाला. "फेरपाहणी तीन वर्षांनी."

दुसऱ्या हिवाळ्यात काकू गेल्या. बसल्या बसल्याच. मला तेव्हा काकांची दया आली नाही, खोटं कशाला बोलू. राग आला. दैव देतं आणि कर्म नेतं, पण इथे कर्म एकाचं आणि गेलं दुसरंच माणूस. रागाचा अर्धा वाटा त्या कारकुनाचा होता, पण तो समोर नव्हता.

अर्ज मीही केला होता. पुढच्या वर्षी माझ्या पाहणीचं पत्र आलं. माझी धाकटी तेव्हा छातीने सारखी आजारी. आणि मी शहाणी काय करत होते? आदल्या दिवशी दुपारी भिंतीवर नवा पडदा लावत होते. काका रंग खरवडायचा पत्रा घेऊन दारात उभे.

"काढ तो पडदा."

"काका, लाज वाटते हो."

"वाटू दे. मला वाटली होती, त्याचं काय झालं बघितलंस ना?"

त्यांनी मीच कधीतरी फासलेला चुना खरवडायला घेतला. खाली सगळं काळं. तासभर खरवडत राहिले. जाताना म्हणाले, "उद्या केर काढू नकोस. आणि पोरीला खोकू दे."

दुसऱ्या दिवशी तेच साहेब नाकाला रुमाल लावून दोन मिनिटांत बाहेर पडले. चार महिन्यांनी मला घर मिळालं, चौथ्या मजल्यावर, दोन खिडक्यांचं.

मंजुरीचा कागद मी आधी काकांना दाखवला. त्यांनी तो दोनदा वाचला. मी विचारलं, "तुमची फेरपाहणी आता आलीच असेल ना?"

त्यांनी फळीवरून एक पत्र काढून दिलं. पत्नीच्या निधनामुळे अर्जदार एकटा आहे, एकट्या व्यक्तीस कुटुंब धरता येत नाही, सबब नाव यादीतून कमी केलं आहे. मी तारीख पाहिली. त्यांनी माझी भिंत खरवडली, त्याच्या आठवडाभर आधीची होती.

"तेव्हा बोलला का नाहीत?" मी ओरडलेच.

"काय बोलू?" ते म्हणाले. "तुझी भिंत तर ओली होती ना."