सुमंतकाका बिनविरोध

एडिसनमधल्या निम्म्या मराठी मंडळींना अमेरिकेचं नागरिक केलं ते सुमंतकाकांनी, निदान त्यांचं म्हणणं तरी तसंच आहे. दर रविवारी त्यांच्या बेसमेंटमध्ये नागरिकत्वाच्या परीक्षेचा वर्ग भरतो. मीही तिथलाच विद्यार्थी. चेक्स अँड बॅलन्सेस म्हणजे सगळी सत्ता एकाच्या हातात जाऊ न देणं, हे काका इतकं रंगवून सांगतात की ऐकणाऱ्याला भरून यावं. वसुधाकाकू तेव्हा चहाचा ट्रे धरून जिन्यातच थांबतात, कारण काकांना मध्ये कुणी बोललेलं चालत नाही.

हेच काका आमच्या मराठी मंडळाचे कायमचे अध्यक्ष. दर वर्षी सभेत ते विचारतात, 'कुणाचा विरोध?' आणि कुणी तोंड उघडायच्या आत टाळ्या सुरू होतात. मतदान घेणं म्हणजे माणसावर अविश्वास दाखवणं, असं त्यांचं ठाम मत आहे. गणपतीच्या निमंत्रणपत्रिकेवर ते नावाखाली 'बिनविरोध अध्यक्ष' असं छापून घेतात.

गेल्या वर्षी काकांना गावच्या शाळांचा कारभार बघणाऱ्या स्कूल बोर्डावर निवडून जायची लहर आली. जागा एकच, आणि तिच्यासाठी डॉना नावाची दोन शाळकरी मुलांची आईही उभी होती. काकांची झोप उडाली. बिनविरोध आलो नाही तर मंडळात कुठल्या तोंडानं जाऊ, एवढीच त्यांना चिंता. मग आपल्या पद्धतीप्रमाणे ते तिची समजूत काढायला निघाले. डब्यात काकूंनी वळलेले बेसनाचे लाडू, आणि गाडी चालवायला मी.

डॉनानं आम्हाला बसवलं, लाडू खाल्ला, दुसराही घेतला. काकांनी मोठ्या मनानं सुचवलं की या वेळी तिनं नाव मागे घ्यावं, पुढच्या वेळी तिचा नंबर नक्की. ती हसली. ही थट्टा नाही हे लक्षात आल्यावर तिनं शांतपणे विचारलं, की मग लोकांनी मत द्यायचं कशाला? काकांनी लाडवांचा डबा तिच्यापुढे आणखी सरकवला. याचं उत्तर ते दर रविवारी फळ्यावर लिहितात.

परतताना गाडीत म्हणाले, "तिचा डेमोक्रसीचा बेसिकच क्लिअर नाही रे."

नोव्हेंबरातल्या निवडणुकीत काका साफ आपटले. मला वाईट वाटायला हवं होतं, पण खरं सांगतो, नाही वाटलं. इथल्या लोकांना माणसाची पारख नाही, असं ते महिनाभर ज्याला त्याला ऐकवत होते. गेलेली इज्जत आता मंडळाच्या सभेतच परत मिळणार होती, म्हणून या वेळी ते नवा जोधपुरी कोट घालून आले.

"कुणाचा विरोध?" त्यांनी विचारलं. आम्ही सवयीनं टाळ्यांसाठी हात उचलले, तेवढ्यात मागच्या रांगेतून वसुधाकाकू उभ्या राहिल्या.

"माझा. मी अध्यक्षपदासाठी उभी आहे. व्होटिंग घ्या."

टाळ्या हातातच राहिल्या. काकांचा चेहरा पार उतरला. तेव्हा मात्र मला त्यांची पहिल्यांदा कीव आली.

"अगं, निदान घरी तरी बोलायचंस," ते माइकवरच म्हणाले.

"घरी बोलले असते, तर तुम्ही लाडू घेऊन समजूत काढायला आला असतात," काकू म्हणाल्या. "आणि ते लाडू मलाच वळावे लागले असते."