हात मागे न घेणारा

मुखेडच्या अश्वजित गजभारेचे नाव जिल्ह्यातल्या कोणत्याही क्रीडाफलकावर सापडणार नाही. पुरस्काराच्या अर्जासोबत खेळांची जी यादी छापलेली असते, तीत आइस हॉकी नाही. आणि यादीत नसलेला खेळ खेळणारा माणूस आपल्याकडे खेळाडू ठरत नाही. त्याचा अर्ज दोनदा परत आला. शेरा दोन्ही वेळा एकच होता : खेळाची खात्री करावी.

त्याचे वडील आनंदराज नांदेडला गवंडीकाम करीत. बारावीनंतर दोन वर्षे अश्वजित त्यांच्या हाताखाली पायाडावर उभा राहून खालून फेकलेल्या विटा झेलत असे. आनंदराजांनी त्याला दोन गोष्टी शिकवल्या. नजर विटेवर नव्हे, फेकणाऱ्याच्या मनगटावर ठेवायची. आणि वीट तळव्याला लागताच हात तिच्याबरोबर मागे न्यायचा, म्हणजे ती फुटत नाही.

निमलष्करी दलात भरती होऊन तो लडाखला पोचला, तोवर बर्फ त्याने रसवंतीवर गोणपाटात गुंडाळलेलाच पाहिला होता. स्केट बांधून तो इतका पडे की सहकाऱ्यांनी त्याला गोलात उभे केले. ज्याला पळता येत नाही त्याने गोल राखायचा, हा गल्लीतला न्याय तिथेही चालत होता. पहिल्याच दिवशी त्याने या खेळात चेंडूऐवजी असणाऱ्या जाड रबरी चकत्या एकामागून एक अशा झेलल्या की प्रशिक्षक चकित झाले. हे कुठे शिकलास, असे त्यांनी विचारले. विटांवर, असे त्याने सांगितले. दोन वर्षांत तो दलाच्या संघाचा पहिला गोलरक्षक झाला.

मग ती अंतिम लढत आली. बरोबरी होती, शेवटचे मिनिट चालू होते. चकती त्याने सुरेख झेलली, आणि जुन्या सवयीने हात मागे नेला. हातमोजा चकतीसकट गोलरेषेच्या पलीकडे गेला. नियमाने तो गोल होता. त्यानंतर सहकारी त्याला ‘गवंडी’ म्हणू लागले, आणि त्यात कौतुक नव्हते. पुढच्या हंगामात गुडघ्याचा अस्थिबंध तुटला, शस्त्रक्रिया झाली, आणि त्याची जागा एका तरुण गोलरक्षकाला मिळाली. अश्वजित तेव्हा तेहतीस वर्षांचा होता. आणखी एक हंगाम मिळाला नाही, तर त्याची कारकीर्द त्या मागे गेलेल्या हातापाशीच संपणार होती.

रजेवर तो मुखेडला आला. रोज पहाटे गुडघ्याचा व्यायाम करी. नंतर गोलरक्षकाचा मोजा घालून घराच्या भिंतीला पाठ आणि कोपर टेकवून उभा राही. हात मागे नेला की कोपर भिंतीवर आपटे.

“बाबा, ईटा टाका,” तो म्हणाला.

“फुटतील की रं.”

“फुटू द्या. हात मागं जायला नको.”

आनंदराजांना ते पटले नाही. जन्मभर वीट वाचवलेला माणूस तो. तरी त्यांनी फेकायला सुरुवात केली. शेजारच्या नागुबाईंनी गल्लीभर सांगितले, “पगारी माणूस अन् ईटा फोडून राह्यला.” रजा संपेस्तोवर भिंतीपाशी तुकड्यांचा ढीग साचला आणि अश्वजितच्या कोपराचे सालपट निघणे थांबले.

निवड चाचणीत तो रेषेपासून हातभर पुढे उभा राहिला. एकही गोल झाला नाही, आणि जागा त्याला परत मिळाली.

अंतिम सामन्यात पुन्हा बरोबरी झाली. निकाल एकेरी फटक्यांवर आला : एकेका खेळाडूने एकट्या गोलरक्षकासमोर चकती मारायची. संघ एका गोलाने पुढे होता. प्रतिस्पर्ध्यांचा शेवटचा खेळाडू आला. त्याने डावीकडे हूल दिली, पण मनगट उजवीकडे वळत होते. अश्वजितने मनगट पाहिले. चकती मोज्यात धाडकन बसली आणि हात जिथे होता तिथेच राहिला, रेषेच्या पुढे. चषक त्यांचा झाला. सहकाऱ्यांनी त्याला खांद्यावर घेतले आणि ‘गवंडी, गवंडी’ असा घोष केला.

चित्रफीत मुखेडला पोचल्यावर आनंदराजांनी ती चार वेळा पाहिली आणि फोन लावला.

“ईट असती तर फुटली असती,” ते म्हणाले.

“हाव, बाबा.”

“फुटली असती तरी चाललं असतं.”