गॅरेजमधला उन्हाळा

दोन हजार वीसच्या जुलैमध्ये अख्ख्या मेलबर्नमध्ये हिवाळा होता आणि आमच्या पॉइंट कुकच्या गॅरेजमध्ये उन्हाळा. बाहेर समुद्राकडून येणारा वारा कान कापत होता आणि आत मी दोन हीटर लावून, स्वेटरवर विंडचीटर चढवून ट्रेडमिलवर पळत होते. शेजारी घडीच्या खुर्चीत माझे बाबा. एवढ्या उकाड्यातही डोक्यावरची माकडटोपी काढायला तयार नव्हते, आणि हातात माझ्यासाठी ताकाचा तांब्या. कोणी शटर वर करून पाहिलं असतं तर दोघांनाही डॉक्टरकडे नेलं असतं.

कारण साधं होतं. येत्या फेब्रुवारीत, ऐन उन्हाळ्यात, उत्तरेला मरे नदीच्या बाजूच्या उघड्या रस्त्यावर पन्नास किलोमीटरची शर्यत होती आणि लॉकडाऊनच्या कंटाळ्यात मी तिच्यात नाव घालून बसले होते. थंडीत सराव केलेलं शरीर उन्हात दगा देतं. त्याला आधीपासून घाम गाळायला शिकवावं लागतं. ऑगस्टपासून तर घरापासून पाच किलोमीटरच्या आत, दिवसातून एक तास, एवढंच बाहेर पडायला मिळायचं. म्हणून तो तास बाहेर आणि उरलेलं गॅरेजमध्ये. नवऱ्याने ह्या प्रकाराला भट्टी असं नाव ठेवलं होतं आणि तो तिकडे फिरकत नसे.

बाबा आमच्याकडे आले होते ते नागपूरचा उन्हाळा चुकवायला. आई गेल्यापासून एकटेच असायचे. मार्चमध्ये आले, जूनमध्ये परत जायचं ठरलेलं, आणि आल्यावर पंधरवड्यात विमानंच बंद झाली. त्यांचा जीव सगळा तिकडे माझ्या आत्यात अडकला होता. आत्या त्यांच्याहून बारा वर्षांनी मोठी. माझी आजी लवकर गेली, तेव्हा तिनेच त्यांना न्हाऊमाखू घातलं, शाळेत सोडलं, स्वतःचं लग्न त्यांच्यासाठी लांबवलं. आता ती पंच्याऐंशीच्या पुढे होती, कमी ऐकू यायचं, गुडघे गेलेले. रोज दुपारी बाबा तिला फोन करायचे आणि ती रोज एकच विचारायची, कधी येऊन राहिला? बाबा इतक्या मोठ्याने उत्तर द्यायचे की कुंपणापलीकडच्या ऑस्ट्रेलियन म्हाताऱ्यालाही कळलं असेल, विमानं सुरू झाली की लगेच. भारतात नेणाऱ्या विशेष विमानांसाठी त्यांनी नाव नोंदवलं होतं. नंबर कधी लागेल ते कोणालाच सांगता येत नव्हतं. तिला एकदा डोळे भरून पाहायचं, एवढंच त्यांना हवं होतं, आणि ते त्यांनी कधी लपवलं नाही.

मी नागपूरची, त्यामुळे उन्हाच्या बाबतीत माझा तोरा मोठा. ऑफिसात कोणी पस्तीस डिग्रीला हाश्हुश् करायला लागलं की मी म्हणायचे, आमच्याकडे एवढ्यात पंखासुद्धा लावत नाहीत. हे धादांत खोटं. नागपूरच्या माणसाला ऊन कळतं ते टाळण्यापुरतं. वाळ्याचे पडदे, कूलर, दुपारी खिडक्या गच्च लावून झोप, बाहेर पडायचंच झालं तर तोंडाला दुपट्टा. मी आयुष्यात मे महिन्यातल्या दुपारी एक किलोमीटरही पळाले नव्हते. तरी नोव्हेंबरात उत्तरेचा तो कोरडा गरम वारा सुटला त्या पहिल्याच दिवशी, पाण्याची बाटलीसुद्धा न घेता, भर दुपारी निघाले. म्हटलं, हे काय ऊन आहे?

खाडीकाठच्या पाणथळीपाशी डोळ्यांपुढे अंधारी आली. तिथल्या बाकाला धरून मी ओकले आणि लटपटत घरी आले. बाबा दारातच उभे होते. पाण्याचा ग्लास त्यांच्या हातात होता, पण तो ते देईनात. उन्हातून आल्या आल्या पाणी प्यायचं नाही, आधी गुळाचा खडा, मग घाम जिरल्यावर दोन घोट, हे आमच्या घरचं शास्त्र. मी तोंडात गूळ धरून त्यांच्यावर ओरडत होते आणि ते शांतपणे माझ्या डोक्यावर ओला पंचा ठेवत होते. शेवटी नवऱ्याने ग्लास हिसकावून मला दिला. रात्री जेवताना बाबा आणि नवरा एकमेकांशी बोलले नाहीत.

पण त्या दिवसापासून बाबांनी माझी तयारी स्वतःच्या हातात घेतली. दुसऱ्या दिवशी त्यांनी माझ्या टॅब्लेटवर उन्हात धावण्याबद्दल मिळेल ते वाचून काढलं, आणि पाणी न देण्याचं शास्त्र कुरकुरत का होईना मोडीत काढलं. मात्र पाण्यात टाकायच्या त्या फसफसणाऱ्या गोळ्या त्यांना पसंत नव्हत्या. लिंबू, मीठ, साखर, वर भाजलेल्या जिऱ्याची पूड, असं ते स्वतः करायचे. माझ्या टोपीला मागून जुन्या सुती साडीचा तुकडा शिवला, म्हणजे भिजवला की मान थंड राहील. निर्बंध उठले तसे आमचे शनिवार लांबले. मी वेरिबीकडच्या वाटेवर पळायचे, बाबा नवऱ्याच्या गाडीतून पुढे जाऊन ठरलेल्या वळणावर बाटली घेऊन उभे. मी आले की म्हणायचे, हळू बेटा, ऊन तुझ्या आधी पळून नाही चाललं. लहानपणी त्यांना माझ्यासाठी कधी वेळ नसायचा. नोकरी फिरतीची होती. एवढा वेळ सलग माझ्यासोबत त्यांनी त्याआधी कधी घालवला नव्हता, आणि मला तो फार आवडत होता. हे मी त्यांना तेव्हा सांगायला हवं होतं.

फेब्रुवारीच्या सुरुवातीला एका सकाळी ते अंगणातल्या लिंबाला पाणी घालत असताना त्यांच्या खिशातला फोन वाजला. ते दोन मिनिटं बोलले, फोन खिशात ठेवला आणि पुन्हा पाणी घालू लागले. मी विचारलं तर म्हणाले, रॉंग नंबर. चार दिवसांनी नवऱ्याच्या ओळखीच्या एका बाईंनी कळवलं की त्यांच्या सासऱ्यांना विशेष विमानात जागा मिळाली, आणि सहज विचारलं, यादीत तुमच्या बाबांचं नाव आमच्या वर होतं, त्यांनी जागा का सोडली? विमान शर्यतीच्या तीन दिवस आधीचं होतं.

मी संतापले. आत्या वाट पाहतेय, वर्ष होत आलं, आणि तुम्ही माझ्या पळण्यासाठी थांबलात? मला विचारायचं तरी.

ते म्हणाले, "विचारलं असतं तर तू जा म्हटलं असतंस."

मी म्हटलंच असतं. हाकललं असतं. अजूनही आठवलं की वाटतं, तो फोन मी उचलला असता तर. त्यांचं म्हणणं असं की पुढच्या महिन्यात पुन्हा विमान आहे, ताई कुठे पळून चालली नाही, आणि सात महिने भट्टीत बसल्यावर शेवट न बघता जाणं काही बरोबर नाही. ताईला सगळं सांगितलंय, तीही थांब म्हणाली.

शर्यत रविवारी होती. शुक्रवारी दुपारी आम्ही गाडीत सामान भरत होतो. बर्फाची पेटी, भिजवायचे पंचे, बाबांची घडीची खुर्ची. तेवढ्यात फोनवर बातमी आली की रात्री बारापासून संपूर्ण राज्यात पाच दिवसांचा लॉकडाऊन. तासाभरात आयोजकांचा मेल आला, शर्यत रद्द. पुढे ढकललेली नाही, रद्द. मी ड्राइव्हवेवर बसून रडले. बाबांनी एकेक वस्तू गाडीतून काढून परत गॅरेजमध्ये नेली. दुपारी आत्याला रोजच्यासारखा फोन करायचा राहिला होता, तो त्यांनी संध्याकाळी खोलीचं दार लावून केला, आणि पुढचे काही दिवसही तसाच दार लावून करत राहिले.

पुढच्या विमानात त्यांचा नंबर लागला नाही. त्याच्या पुढच्यात लागेल असं वाटत होतं, तोवर नागपुरातल्या दुसऱ्या लाटेच्या बातम्या यायला लागल्या आणि एप्रिलच्या शेवटी इथून तिकडे जाणं येणं सगळंच थांबलं. मेच्या दुसऱ्या आठवड्यात आत्या गेली. दवाखान्यात जागा मिळाली नाही, घरीच गेली. आतेभावाने घाटावरून व्हिडिओ कॉल लावला, पण तिथे कोणालाच थांबू देत नव्हते, दोन मिनिटांत बंद झाला. बाबांनी इथल्या बाथरूममध्ये डोक्यावरून पाणी घेतलं आणि दिवसभर गॅरेजमध्ये जाऊन बसले. मी त्यांच्या शेजारी बसले. त्यांनी मला एका शब्दानेही दोष दिला नाही. दिला असता तर बरं वाटलं असतं.

डिसेंबरात, विमानं पुन्हा सुरू झाल्यावर, ते परत गेले. त्या उन्हाळ्यात तीच शर्यत पुन्हा जाहीर झाली होती. मी नाव घालायचं की नाही ह्या विचारात होते. बाबा पोचल्यावर आठवड्याने आतेभावाचा फोन आला. मामा ठीक आहेत, जेवतात, आईच्या खोलीतच झोपतात, असं सगळं सांगून झालं. मग तो म्हणाला की आईला तुझं फार कौतुक होतं. येईल त्याला सांगायची, माझी भाची तिकडे उन्हात पन्नास किलोमीटर पळाली, पूर्ण केली, मेडल मिळालं. दूधवाल्यालासुद्धा सांगितलं होतं. शेवटच्या दिवसांत मामा का नाही आले म्हणून तिला वाईट वाटायचं, पण मग स्वतःच म्हणायची, पोरीची शर्यत तर झाली ना, बरं झालं तो थांबला.

मेडल कसं आहे, फोटो पाठव ना, असं तो म्हणाला, त्यावर पाठवते म्हणाले.

मग बाबांना फोन लावला. म्हटलं, बाबा, तुम्ही आत्याला काय सांगितलंत?

ते म्हणाले, "ती वाट पाहून राहिली होती बेटा. कशासाठी थांबलो म्हणून सांगू तिला? काहीच झालं नाही म्हणून?"

मी त्या शर्यतीत नाव घातलं नाही. आता ती पूर्ण केली तरी आत्याच्या लेखी ती दुसरी असती, आणि पहिलीसाठी बाबांनी जे सोडलं ते मला कितीही पळून परत आणता आलं नसतं.