गद्रे मास्तरांचा बोलका वर्ग

गद्रे मास्तरांच्या वर्गात खोटं "समजलं" म्हणणं हा मोठा गुन्हा होता. भूमिती असो, इतिहास असो की रसायन, धडा संपला की एक मुलगा उठून तो आपल्या शब्दांत सांगायचा. ऐकणाऱ्याला कळलं नाही तर त्यानं उभं राहून म्हणायचं, "मला समजलं नाही, परत सांगा." न समजता मान हलवली तर मास्तर दोघांनाही तासभर उभं ठेवत.

मी शेजारच्या मुलींच्या शाळेत शिकवत होते. मधे एकच भिंत, त्यामुळे त्यांचा वर्ग मला रोज ऐकू येई. कोणी पुटपुटलं की ते विचारायचे, "आवाज नीरेच्या पाण्यात सोडून आलास काय?" कोणी घडाघडा पाठ म्हटलं तर, "हे पुस्तक म्हणालं. तू काय म्हणतोस?"

यामागं कारण होतं. भोरची मुलं मॅट्रिक होऊन पुण्याच्या कॉलेजात जात आणि मागं पडत. उत्तर येत असे, पण प्रोफेसरांपुढे तोंड उघडत नसे. काहीजण कॉलेज सोडून परतही आले होते.

मी एकदा म्हटलं, "मास्तर, थोडं गप्प बसायलाही शिकवा. घरी तेच लागतं."

"ते शिकवणारे गावात पुष्कळ आहेत, बाई. त्याला पगारी मास्तर कशाला?"

मग संस्थानचे शिक्षणाधिकारी तपासणीला आले. शिस्तीवर जड भाषेत बराच वेळ बोलले आणि शेवटी विचारलं, समजलं ना? हिर्डोशीचा तुकाराम उभा राहिला.

"मला न्हाई समजलं, सायेब. परत सांगा."

त्याच्या मनात चेष्टा नव्हती. वर्गाचा नियम त्यानं पाळला. साहेबांना मात्र वाटलं, मास्तरानं पढवून आपला अपमान करवला. चौकशी लागली. पढवलेलं नव्हतं, वर्गाची रीतच अशी आहे, एवढं मुलांनी सांगितलं असतं तर मास्तरांची नोकरी राहिली असती.

चौकशीच्या आदल्या दिवशी गावोगावचे बाप आले. तुकारामाला त्याचा बाप घरीच घेऊन गेला. भोंगवलीचे एक पाटील आमच्या ओट्यावर पाणी पिताना मुलाला सांगत होते, "सायबाम्होरं खाली बघायचं. मास्तर काय आपल्या भावकीतला न्हाई."

चौकशी आमच्या शाळेत झाली. मास्तर धुतलेला कोट घालून बाहेर बाकावर बसले होते. "आता बघाच तुम्ही," मला म्हणाले, "नीट सांगतील."

जबान्या लिहून घ्यायचं काम माझ्याकडे होतं. लिहायला काही मिळालं नाही. साहेबांनी प्रत्येकाला तोच प्रश्न विचारला, मास्तरांनी पढवलं होतं काय, आणि प्रत्येकानं जमिनीकडे पाहिलं. मी म्हणाले, हा वर्ग मी रोज भिंतीपलीकडून ऐकते. साहेब म्हणाले, तुम्हाला विचारलेलं नाही.

मी बाहेर आले तशी मास्तर उठले.

"कोण काय बोललं?"

"कोणी काही बोललं नाही."

"आवाज बारीक असेल. तुम्हाला ऐकू आला नसेल."

"नाही मास्तर. कोणी तोंडच उघडलं नाही."

ते दाराकडे वळले. मुलं एकेक करून त्यांच्या समोरून, खाली मान घालून निघून गेली. त्यांनी कोणालाही हाक मारली नाही.